गरनाळं बंद: ४५ दिवस नेमके जातात कुठे?

वडोदऱ्यात रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्याला कुणी भुयारी मार्ग म्हणत नाही. गुजराती शेजारी म्हणतो तसं आपणही गरनाळंच म्हणतो; दांडिया बाजार, नवापुरा, बाबाजीपुरा इथल्या मराठी घरांत हाच शब्द रुळलाय. अलकापुरीचं गरनाळं, प्रियलक्ष्मी मिलचं गरनाळं. पावसात पाणी भरलं की बंद, उतरलं की चालू, हे शहराच्या अंगवळणी पडलेलं आहे. दुरुस्तीसाठी महिना-दीड महिना बंद राहणं ही मात्र वेगळी गोष्ट. पत्रे उभे राहतात, ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी पाटी लागते आणि चौथ्या दिवसापासून एकच प्रश्न ऐकू येतो: आत तर कुणीच दिसत नाही, मग रस्ता कशाला अडवून ठेवलाय?

प्रश्न रास्त आहे. ४५ दिवसांच्या बंदीत माणसं हातात हत्यार घेऊन राबतात ते साधारण १५ ते १८ दिवस. बाकी दिवस वाट बघण्यात जातात. काँक्रीट पिकायची वाट, भिंत पुन्हा पाझरते का ते कळायची वाट, रेल्वेच्या ब्लॉकची (कामासाठी गाड्या थांबवून मिळणाऱ्या वेळेची) वाट आणि आधी न मागवलेल्या सामानाची वाट. पहिल्या दोन गोष्टींना इलाज नाही. तिसरीला अर्धा आहे. चौथी निव्वळ ढिलाई. भांडायचं असेल तर रहिवाशांनी चौथीवर भांडावं, पहिलीवर नाही. काँक्रीट लवकर उघडायला लावलं तर पुढच्याच वर्षी पुन्हा पत्रे लागतात.

हिशेबाला एक मध्यम गरनाळं घेऊ. ४० मीटर लांब, ७ मीटर रुंद, खालच्या टोकाला पाणी साठवून उपसायचा संप.

पहिले तीन दिवस गाळ काढण्यात आणि ठोकून बघण्यात जातात. ठोकून बघणं म्हणजे अक्षरशः ठोकणं. मिस्त्री हातोडी घेऊन भिंतीवर आणि छतावर वीत-वीत अंतरावर टकटक करत पुढे सरकतो. काँक्रीट भरीव असेल तिथे खणखणीत आवाज येतो, आतून सुटलं असेल तिथे बद्द. बद्द वाजलं की खडूने गोल काढायचा. शेवटी गोल मोजले की कामाचा खरा आकार कळतो, आणि तो निविदेतल्या आकड्यापेक्षा मोठा निघण्याचीच शक्यता जास्त. निविदा काढताना रस्ता चालू होता, छताला हात लावायला शिडी कोण लावणार? मुदतवाढीचं पहिलं बीज इथे पडतं. काम काढण्याच्या दोन-तीन महिने आधी दोन रात्री, ११ ते ५, रस्ता बंद ठेवून हीच टकटक करून घेतली तर हा घोळ होत नाही.

मग गळती. गरनाळ्यात पाणी तीन वाटांनी येतं: वरून, रुळांखालच्या खडीतून झिरपत, बाजूने, भिंतीमागच्या मातीतून, आणि खालून, रस्त्याच्या सांध्यांतून. आरसीसी (आत लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटच्या) भिंतीतली वाहती भेग बंद करायची पद्धत ठरलेली आहे. भिंत ४० सेंमी जाड धरली तर भेगेपासून २० सेंमी बाजूला, भिंतीशी ४५ अंशांत तिरकं भोक पाडायचं. म्हणजे ते भिंतीच्या मध्यावर, २० सेंमी खोलीला, भेगेला जाऊन मिळतं. एक भोक भेगेच्या डावीकडे, दुसरं उजवीकडे, असं वीतभर अंतर ठेवत वर चढायचं. भोकातली धूळ पाण्याने धुऊन काढायची, पॅकर (भोकात बसणारी, रसायन आत सोडायची छोटी नळी) घट्ट बसवायचा आणि सगळ्यात खालच्या पॅकरपासून पॉलियुरेथेन दाबाने आत सोडायचं. पाणी लागताच ते फेसाळून फुगतं आणि भेग भरत वर सरकतं. वरच्या पॅकरमधून फेस डोकावला की खालचा बंद करून वरच्यावर जायचं.

बिघडतं ते बहुतेक इथे: भोक उथळ राहिलं तर फेस भिंतीच्या पृष्ठभागावरच बाहेर येतो, आतली भेग तशीच. धूळ धुतली नाही तर तीच बुचासारखी अडते. घाईत वरून सुरुवात केली तर खाली पाणी कोंडतं. ओल्या भेगेत साधं इपॉक्सी (सांधणारी कडक राळ) भरलं तर ते नीट चिकटत नाही. ते कोरड्या भेगेचं औषध. सर्वांत लाडका चुकीचा उपाय म्हणजे वरून सिमेंटचा जाड लेप. आठ दिवस भिंत छान कोरडी दिसते, फोटो निघतात, आणि नवव्या दिवशी पाणी हातभर पलीकडून निघतं. भेग नीट भरली तरी पाणी दुसरी वाट शोधतंच, म्हणून पहिल्या फेरीनंतर चार-पाच दिवस नुसतं पाहत थांबावं लागतं आणि मग दुसरी फेरी. या दिवसांत आत कुणी दिसत नाही. काम थांबलेलं नसतं.

जुनं विटांचं किंवा दगडी बांधकाम असेल तर हे सगळं बदलतं. तिथे मूळ चुना आहे. चुन्याच्या दर्जांवर, म्हणजे विटांमधल्या सांध्यांवर, कडक सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. दर्जा शाबूत, वीट खलास. चुन्याच्या दर्जा चुन्यानेच भराव्यात. आणि भिंतीत तळाशी जी निचऱ्याची भोकं असतात त्यांना बुच मारू नये. त्यांतून पाणी येतं म्हणून रंगारी ती बुजवतो, मग भिंतीमागे पाण्याचा दाब वाढतो आणि भिंत दुसरीकडून फुटते. ही भोकं गळत असतील तर समजावं की ती आपलं काम करतायत.

आता उंची, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही. डांबराचा प्रत्येक नवा थर ४० ते ५० मिमीचा. जुना थर न खरवडता चार वेळा डांबर टाकलं की १६ ते २० सेंमी उंची गेली. तोंडाशी लावलेल्या लोखंडी कमानीवरचा आकडा मात्र वीस वर्षांपूर्वीचाच राहतो. एखादा टेम्पो छताला घासून अडकला की दोष चालकाचा ठरतो. मोठ्या व्हॅनवर बांधलेली रुग्णवाहिका सुमारे अडीच मीटर उंच असते, वर दिव्याची पट्टी वेगळी. तिच्यासाठी वीस सेंमी ही मोठी गोष्ट आहे. म्हणून दुरुस्तीत आधी खरवडणं, मगच नवा थर. गणपती मंडळांनीही मिरवणुकीच्या वाटेवर असं गरनाळं असेल तर मूर्तीची उंची ट्रॉलीसकट मोजावी, आणि रस्त्याची उंची पाटीवर वाचू नये, टेपने घ्यावी.

पाणी भरणाऱ्या गरनाळ्यात डांबर टिकत नाही, म्हणून रस्ता काँक्रीटचा करतात. आणि इथे एक साधी अडचण सगळं वेळापत्रक बिघडवते: काँक्रीट आणणारा मिक्सर ट्रक साडेतीन मीटरहून उंच असतो, तो गरनाळ्यात शिरतच नाही. तो बाहेर उभा राहणार आणि माल १२५ मिमीच्या पाइपातून पंपाने आत जाणार. पाइपात माल तुंबला की तास-दीड तास खोळंबा, तेवढ्यात ट्रकमधलं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं, मग कुणीतरी त्यात पाणी ओततं. ते ओतलेलं पाणी दोन वर्षांनी खड्ड्यांच्या रूपाने परत येतं. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा तर माल रात्रीच टाकायला हवा. टाकल्यावर ओली गोणपाटं आणि पाण्याचं आळं किमान सात दिवस. त्या मुदतीत काँक्रीटला त्याच्या पूर्ण ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश ताकद येते. पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. ७ मीटर रुंदीचा रस्ता अर्धा-अर्धा टाकला तर हीच प्रतीक्षा दोनदा होते, म्हणून ‘अर्धा रस्ता तरी चालू ठेवा’ ही मागणी ऐकायला सोपी आणि हिशेबाला महाग. शिवाय गरनाळ्याच्या अर्ध्या रुंदीत येणारे-जाणारे समोरासमोर आले की काय होतं ते सांगायला नको.

पेव्हर ब्लॉक टाकले तर त्याच दिवशी रस्ता उघडतो, हे खरं. पण ब्लॉकखाली रेती असते. गरनाळ्यात पाणी भरलं आणि पंपाने ओढलं की रेतीही पाण्याबरोबर निघते आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात. पाणी भरणाऱ्या जागी ब्लॉक हा कायमचा उपाय नाही.

रेल्वेच्या बाजूने कायम एक दोर बांधलेला असतो. छताला हात लावायचा तर वरून जाणाऱ्या गाड्यांचा वेग तात्पुरता कमी करावा लागतो, चालकांना कॉशन ऑर्डर (हळू जायची लेखी सूचना) द्यावी लागते, आणि रुळांशी संबंध येणाऱ्या कामाला ब्लॉक घ्यावा लागतो. मुंबई–अहमदाबाद आणि मुंबई–दिल्ली अशा मुख्य वाटांवर ब्लॉक हवा तेव्हा मिळत नाही. दोन तासांचा ब्लॉक मिळाला तरी सामान आत नेणं आणि बाहेर काढणं वजा केलं की हातात तास-सव्वा तास उरतो. एक ब्लॉक हुकला की पुढच्यासाठी थांबा. पत्रे लावण्याआधी ब्लॉकच्या तारखा हातात आहेत का, हा एक प्रश्न विचारला तरी बरंच कळतं.

एवढं सगळं केलं आणि पंपाचा हिशेब चुकला तर पहिल्याच पावसात गरनाळं परत बंद. हिशेब अवघड नाही. गरनाळ्याकडे उताराने येणारं क्षेत्र १ हेक्टर धरा, पाऊस तासाला ५० मिमी, रस्ते-छपरं पक्की असल्याने ९० टक्के पाणी वाहून येणार. म्हणजे तासाला ४५० घनमीटर, सेकंदाला १२५ लिटर. १० हॉर्सपॉवरचा पंप ८ मीटर वर पाणी उचलताना, कार्यक्षमता ६० टक्के धरली तर, सेकंदाला ५५ लिटरच्या आसपास फेकतो. दोन पंप मिळून ११०. अजून १५ लिटर कमीच. म्हणजे तीन चालू आणि एक राखीव. ‘नवे दोन पंप बसवले’ अशी बातमी आली की हे आकडे मांडून बघावेत. शिवाय हे झालं ५० मिमीच्या तासाचं. ३१ जुलै २०१९ ला वडोदऱ्यात एका दिवसात जवळपास ५०० मिमी कोसळला होता. तसल्या पावसासाठी कुणी गरनाळं बांधत नाही, तेव्हा वेळेवर बंद करणं हाच उपाय.

आणि उपसलेलं पाणी जाणार कुठे? पावसाळी गटारातून अखेर विश्वामित्रीकडेच. काळा घोडा चौकापाशी नदीची धोक्याची पातळी २६ फूट. नदी फुगलेली असते तेव्हा गटाराच्या तोंडातून पाणी उलटं आत येतं. तोंडावर एकाच दिशेने उघडणारी झडप नसेल, किंवा प्लास्टिक अडकून ती अर्धवट उघडी राहिली असेल, तर पंप तेच पाणी गोल-गोल फिरवत बसतो. संपाच्या जाळीवर पिशव्या चिकटणं, जनरेटर रस्त्याच्याच पातळीवर ठेवल्याने तोच बुडणं, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप सुरू करणारं तरंगतं बटण) गाळात रुतणं: पंप जळण्याआधी ही तीन कारणं तपासावीत.

पत्रे लावण्याआधी उरकता येईल अशी यादी मोठी आहे. ठोकून तपासणी, ब्लॉकच्या तारखा, पंप-पॅनेल-दिव्यांची खरेदी, गरनाळ्यातून जाणाऱ्या पाण्याच्या, गॅसच्या आणि फायबरच्या लाइनी नेमक्या कुठे आहेत याचा शोध. हा शेवटचा मुद्दा आठ दिवस सहज खातो. खोदताना पाण्याची लाइन फुटली की गरनाळं राहतं बाजूला, दोन-तीन सोसायट्यांचे टँकर सुरू होतात. बंदीच्या काळात जवळपासच्या सोसायट्यांनी वरची टाकी रात्रीच भरून ठेवावी.

आता बाहेरच्या रस्त्यांचं. गरनाळं बंद झालं की वाहनं जातात कुठे? उत्तरेला पंड्या पूल, दक्षिणेला जेतलपूर पूल, शहरातून अकोट्याकडे जायला अकोटा–दांडिया बाजार पूल, आणि त्याहून खाली लालबाग पूल. अंतर वाढतं ते दोन-तीन किलोमीटरच, पण वेळ त्या प्रमाणात वाढत नाही, कितीतरी जास्त वाढतो. याचं कारण सिग्नल. ७ मीटर रुंद वाटेवरून, हिरवा दिवा सतत चालू राहिला तर, जुन्या भारतीय सूत्राप्रमाणे तासाला ५२५ गुणिले ७, म्हणजे ३६७५ मोटारींइतकी वाहतूक सुटते. पण १२० सेकंदांच्या फेरीत हिरवा फक्त ३० सेकंद असेल तर तासाला सुमारे ९२० सुटतात. आधी ९०० येत होत्या, सगळं जेमतेम चाललं होतं. गरनाळं बंद झाल्यावर १००० यायला लागल्या. वाढ जेमतेम ११ टक्के. पण तासाला ८० शिल्लक राहतात, आणि दोन रांगांत, प्रत्येकी ६ मीटर धरून, तासाभरात २४० मीटरची शेपटी लागते. दुसऱ्या तासात जवळपास अर्धा किलोमीटर, आणि शेपटी मागच्या चौकात शिरली की तिथलेही दिवे निरुपयोगी.

हाच हिरवा दिवा ३० ऐवजी ३६ सेकंद केला तर तासाला ११०० सुटतात आणि शेपटीच लागत नाही. सहा सेकंद! खर्च शून्य. दुसऱ्या बाजूच्या रस्त्याला सहा सेकंद कमी मिळतील, तिथली वाहतूक गरनाळं बंद असल्याने घटलेलीच असेल तर काही बिघडत नाही. म्हणून बंदीच्या सूचनेत ‘पर्यायी मार्ग वापरावा’ एवढंच असेल आणि सिग्नलच्या वेळा बदलल्याचा उल्लेख नसेल, तर वॉर्डातल्या लोकांनी निवेदन द्यायचं ते यासाठी. ‘लवकर काम संपवा’ या निवेदनाला उत्तर येत नाही. ‘अमुक चौकात अमुक बाजूचा हिरवा दिवा सकाळी ९ ते ११ सहा सेकंद वाढवा’ याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

पायी चालणाऱ्याला तर सूचनेत जागाच नसते. मोटारीला दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे वैताग, भाजीची पिशवी घेतलेल्या बाईला तो पाऊण तास. घरकामाला जाणाऱ्या मावशी, सायकलवाले, शाळेची पोरं यांच्यासाठी गरनाळ्याच्या एका कडेला पत्र्याआड मीटर-दीड मीटरची वाट ठेवता येते. छताचं काम चालू नसेल त्या दिवसांत नक्कीच. ती मागितल्याशिवाय मिळत नाही. रेल्वेच्या हद्दीतून, फलाटावरून पलीकडे जायचं म्हणाल तर फलाट तिकीट लागतं. ते दोन तास चालतं आणि एरवी १० रुपयांचं असतं. रोज चार फेऱ्या मारणाऱ्याला परवडत नाही, न काढता गेलं तर दंड. आणि रुळांवरून उड्या मारणं हा पर्याय नव्हे, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज समोरच्या गाडीत बुडतो.

अलकापुरीच्या बाजूने सयाजी रुग्णालयाकडे जायचं असेल तर बंदीच्या पहिल्याच दिवशी एकदा पर्यायी वाटेने जाऊन मिनिटं मोजून ठेवावीत, सकाळी दहाची वेगळी, रात्रीची वेगळी. १०८ ला फोन करताना ‘गरनाळं बंद आहे, पुलावरून या’ हे आधी सांगावं. नकाशा बघून येणाऱ्या चालकाला ते कळेलच असं नाही. पत्र्याच्या फटीतून दुचाक्या जात राहिल्या की मोबाइलच्या नकाशाला रस्ता चालूच वाटू शकतो.

दुकानांचं गणित आणखी वेगळं. गरनाळ्याच्या तोंडाशी सेव उसळीची गाडी असते, पंक्चरवाला असतो, झेरॉक्सचं दुकान असतं. यांचं गिऱ्हाईक जाता-जाता थांबणारं. वाट वळली की ते वळलं. वळशाच्या रस्त्यावरच्या दुकानांचीही भरभराट होत नाही, कारण तिथे थांबायला जागाच राहत नाही. पत्रे दुकानाच्या पुढे किती फूट येणार आणि माल उतरवायची वेळ कोणती, एवढं तरी आधी ठरवून घ्यावं.

काम कधी काढावं याला वडोदऱ्यात मोकळा महिना असा नाहीच. जून ते सप्टेंबर पाऊस. मग नवरात्र, आणि वडोदऱ्याच्या गरब्याची रात्रीची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दिवाळी, लग्नं, १४ जानेवारीची उत्तरायण, मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा. उरतो परीक्षा संपल्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचा काळ, आणि त्यातच ऊन. दिवाळीच्या सुट्टीतला पर्याय चांगला वाटतो, शाळा बंद असतात. पण कामगार गावी गेलेले असतात. दाहोदकडून, पंचमहालाकडून येणारी मंडळी दिवाळीला घरीच जाणार. तेव्हा एप्रिल-मे, आणि १० जूनच्या आत सगळं संपलेलं. २५ एप्रिलनंतर पत्रे लागले तर ४५ दिवस पावसात घुसणार हे बोटांवर मोजता येतं.

स्टेशनवर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बरेच जण सवयीने सयाजीगंजच्या मुख्य दारातूनच शिरायला बघतात. अलकापुरी, रेसकोर्स, गोत्री, अकोटा भागातल्यांना गरनाळं ओलांडायची गरजच नाही; अलकापुरीच्या बाजूनेही स्टेशनात शिरता येतं. तिथून हवा तो फलाट गाठायला, सामान जड असेल तर, पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा. एसटी स्टँड मात्र सयाजीगंजच्याच बाजूला आहे, तिथे वळसा चुकत नाही. रिक्षा ठरवताना आधीच विचारा, पुलावरून येणार का आणि मीटर चालू राहणार का.

वडोदऱ्याचा मराठी माणूस गणपतीला कोकणात किंवा सुट्टीला साताऱ्या-कोल्हापूरकडे निघतो, तेव्हा खऱ्या डोंगरातल्या बोगद्यांशी गाठ पडते. तिथल्या बंदीचं शास्त्र निराळं. खंबाटकीला बरीच वर्षं पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागायचा आणि परतीची वाहतूक जुन्या बोगद्यातून यायची. परतीचा बोगदा बंद झाला की दोन्ही दिशांची गर्दी एकाच घाटावर यायची. मुंबई–गोवा महामार्गावर कशेडीला दोन नळ्या (शेजारी-शेजारी दोन बोगदे) आहेत आणि जुना घाटही. तिथे गळतीसाठी ग्राउटिंग (भेगांत दाबाने मिश्रण भरणं) करताना एक नळी बंद ठेवून दुसरीतून काम भागवता येतं.

दुसऱ्या नळीतून समोरासमोर वाहतूक सोडली की आत बऱ्याच गोष्टी बदलतात. एकाच दिशेने जाणारी वाहनं स्वतःच पिस्टनसारखी हवा पुढे ढकलत नेतात. छताचे जेट फॅन त्याच दिशेने मदत करतात. दोन्हीकडून वाहनं आली की हा ढकला एकमेकांना मारक ठरतो, धूर मध्येच रेंगाळतो. म्हणून वेगमर्यादा उतरते, ओव्हरटेक बंद, आणि जड वाहनं वेगळी सोडतात. आळीपाळीने एकेरी सोडत असतील तर थांबायचा हिशेब असा: बोगदा २ किमी, वेग ताशी ३०, म्हणजे शेवटची गाडी बाहेर पडायला ४ मिनिटं. प्रत्येक बाजूला १० मिनिटं सोडलं तर, तुमच्या तोंडावर दोर पडला तर ४ अधिक १० अधिक ४, अशी १८ मिनिटं. रांगेत पुढे दहा मिनिटांत सुटेल त्याहून जास्त गर्दी असेल तर आणखी एक पूर्ण फेरी, २८ मिनिटं. बोगद्यात शिरण्याआधी काळा चष्मा काढा, डिपर लावा, काचा वर आणि एसी आतल्या हवेवर. दिवसा तोंडाशीच वेग कमी करा, कारण उन्हातून आलेल्या डोळ्याला आतलं दिसायला काही सेकंद लागतात. दुरुस्तीच्या काळात तोंडाजवळचे जास्त उजेडाचे दिवे काढून ठेवलेले असू शकतात. सीएनजीची गाडी असेल तर घाटाचा वळसा धरून पेट्रोलही टाकीत असू द्या.

दुसरी नळीच नसेल तर काय होतं, हे आल्प्समध्ये दिसतं. फ्रान्स-इटलीमधला मों ब्लाँ बोगदा ११.६ किमीचा, १९६५ चा, एकच नळी. २०२४ मध्ये त्याच्या छताच्या कामासाठी २ सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत तो पूर्ण बंद होता. स्वित्झर्लंडने गोठार्डच्या १६.९ किमीच्या, १९८० च्या बोगद्याची दुरुस्ती करायची ठरवली, तेव्हा तो बंद राहिला तर दक्षिणेचा तिचिनो प्रांत तुटेल म्हणून २०१६ मध्ये जनमत घेऊन आधी दुसरी नळी खोदायचं ठरलं. आपल्याकडे जम्मू–श्रीनगर वाटेवर २०२१ मध्ये काझीगुंड–बनिहालचा नवा बोगदा सुरू झाला, त्यानंतर १९५६ चा जवाहर बोगदा निवांतपणे दुरुस्त करता आला. शेजारी दुसरी वाट तयार असणं हीच दुरुस्तीची खरी सोय. अलकापुरीला ती सोय पुलांची आहे, म्हणून पुलांवरचं काम आणि गरनाळ्याचं काम एकाच महिन्यात निघालं तर तिथेच ओरडायला हवं.

उघडायच्या आदल्या दिवशी काय बघावं? लोखंडी कमानीवर नव्याने मोजलेली उंची रंगवली आहे का. निचऱ्याची भोकं उघडी आहेत का. रस्त्याच्या कडेच्या जाळ्या हाताने उचलता येतात का, की काँक्रीटमध्येच बसल्यात. आणि पंप. १०,००० लिटरचा एक टँकर संपात ओतून बघतात. त्याने पंपांची क्षमता कळत नाही. सेकंदाला ११० लिटरने दोन पंप तो दीड मिनिटात संपवतात. पण फ्लोट वर आल्यावर पंप आपोआप सुरू होतो का, वीज घालवली की जनरेटर किती सेकंदांत भार उचलतो, आणि गटाराच्या तोंडाची झडप सुटते का, हे त्या दीड मिनिटात कळतं. टँकर दोन मागवावेत, एक वीज असताना आणि एक मुद्दाम वीज घालवून.